चित्रातून आलेली हाक

महालाचं फाटक उघडायच्या आधीच रांग बसथांबा ओलांडून पुढच्या चौकात वळलेली असायची. रांगेत म्हातारी माणसं जास्त, पण तरुणही बरेच. कुणाच्या हातात फोटो, कुणाच्या हातात जुना स्वेटर, एका बाईच्या हातात तर लहान मुलाचा एकच बूट. सगळं बोलणं दबक्या आवाजात चालायचं, दवाखान्याबाहेर चालतं तसं. आत चित्रांचं प्रदर्शन होतं. पण चित्रं बघायला कुणीच आलेलं नव्हतं. सगळे आपापल्या गेलेल्या माणसाशी बोलायला आले होते.

फाटकाशी एक उंच इसम उभा असायचा. अंगात जरीचा अंगरखा, कमरेला लाकडी तलवार, पायात मात्र कापडी बूट. हा महालाचा गाईड. त्याला सगळे दरबारी म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

"मंडळी," तो दोन्ही हात पसरून सुरू करायचा, "ह्या वास्तूनं सात पिढ्यांचे सुस्कारे प्यायलेत. राणीसाहेबांचा बाळराजा गेला, तेव्हा त्या दरबारात बसून भिंतींशी बोलत राहिल्या. खाणं नाही, पिणं नाही, नुसतं बोलणं. शेवटी दगडाला पाझर फुटला. तेव्हापासून इकडचा निरोप तिकडे जातो आणि तिकडचा इकडे येतो. श्रद्धा पाहिजे, शांतता पाहिजे, मोबाईल बंद पाहिजे. आणि कुणी परीक्षा घ्यायला आलं असेल, तर त्यानं मागच्या बागेत फिरावं. बाग फुकट आहे."

लोक हसायचे आणि लगेच गंभीर व्हायचे. बाहेर पडायच्या दाराशी एक चांदीची पेटी ठेवलेली होती, 'राणीसाहेबांच्या सेवेसाठी'. तिच्यात नोटा पडायच्या, अंगठ्याही पडायच्या. राणीसाहेबांना जाऊन शतक उलटलं असलं, तरी त्यांच्या सेवेचा खर्च चालूच होता.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. दुसऱ्या शहरात राहते. त्या रांगेत मी उभी राहिले ती माझ्या वहिनीबरोबर.

महालाची हकीकत थोडक्यात सांगते. राजघराण्यातले लोक कधीच परदेशी निघून गेले. मग त्या महालात काही वर्षं कचेरी होती, नंतर धान्याचं गोदाम. शेवटी पालिकेनं तो ताब्यात घेतला, छताची गळती काढली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि गावातल्या नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. जिथे हत्ती झुलायचे तिथे तिकीटखिडकी आली, राणीच्या स्नानघरात मातीची शिल्पं मांडली, आणि सगळ्यांत मोठ्या खोलीत, म्हणजे दरबारात, निवडक चित्रं लावली. सुरुवातीला तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. चित्रकारच एकमेकांची चित्रं बघायचे आणि तोंड वाकडं करायचे.

त्या निवडक चित्रांत एक माझ्या भाचीचं होतं.

तिला आम्ही इवली म्हणायचो. जन्मली तेव्हा फारच लहानखुरी होती म्हणून पडलेलं नाव. पुढे ती बापापेक्षा उंच झाली तरी इवलीच राहिली. चित्रकलेच्या शाळेत शेवटच्या वर्षाला असताना तिला ताप आला. तो मेंदूत गेला. आठवडाभरात सगळं संपलं. तिच्या शिक्षकांनी तिचं शेवटचं चित्र प्रदर्शनात मागून घेतलं आणि दरबाराच्या टोकाला, जिथे पूर्वी सिंहासन असायचं त्या कोनाड्यात, मानाच्या जागी लावलं.

चित्रात वहिनी आहे. दुपारची वेळ, खुर्चीत डोळा लागलाय, चष्मा नाकावरून घसरलाय, मांडीवरचं पुस्तक पडायच्या बेतात आहे. बस एवढंच. पण जिनं ते काढलं ती किती वेळ हळूच उभी राहून तिच्याकडे बघत असेल, ते बघणाऱ्याला कळतं.

वहिनी भोळी बाई नव्हती हे मुद्दाम सांगते. ती वाचनालयात नोकरीला होती. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवायची यावरून तिनं वरिष्ठांशी वाद घातला होता. तिचं म्हणणं, ती 'मनोरंजन'मध्ये ठेवा, 'विज्ञान'मध्ये नकोत. माझा दादा चष्म्याचं दुकान चालवतो. घरात एकाकडे लोकांचे डोळे, एकीकडे लोकांचे कान, आणि वहिनीकडे पुस्तकं. आमच्या घरी ताईत-गंडा कधी आला नाही.

प्रदर्शन सुरू झालं त्या आठवड्यात वहिनी एकटीच चित्र बघायला गेली. कोनाड्यासमोर उभी राहिली. दरबारात तुरळक माणसं होती. आणि तिला अगदी कानाशी, मऊ आवाजात हाक ऐकू आली, "आई."

तिनं मागे वळून पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. समोर चित्रात ती स्वतः झोपलेली, आणि कुणीतरी तिला उठवत होतं.

ती रडत बाहेर आली आणि दाराशी उभ्या असलेल्या दरबारीला विचारलं, "आत आत्ता कुणी हाक मारली का?" दरबारीनं तिला पाणी दिलं, कोण, कुठली, कुणाचं चित्र, सगळं विचारून घेतलं. मग डोळे मिटून म्हणाला, "बाई, राणीसाहेबांनी तुम्हाला निवडलं."

महिन्याभरात गावात रांगा लागल्या.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एके दिवशी दादा न कळवता माझ्या दवाखान्यात आला. पेशंटांबरोबर बाकावर बसून राहिला. त्याची पाळी आल्यावर आत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला.

"कान दुखतोय का?" मी गमतीनं विचारलं.

"तिच्या छातीत गाठ आहे," तो म्हणाला. "सर्जन म्हणाले, लगेच काढा. तेव्हा उन्हाळा होता."

बाहेर थंडी पडायला लागली होती. मी पेन खाली ठेवलं.

"मग काढली का नाही?"

"इवली नको म्हणाली."

मला वाटलं दादाच्याच डोक्यावर परिणाम झालाय. मग त्यानं सगळं सांगितलं. महाल, रांग, कोनाडा. वहिनी आठवड्यातून दोनदा जायची. तिला तिथे मुलगी भेटत होती. घरी ती पुन्हा जेवायला लागली होती, केस विंचरायला लागली होती. "ती इतकी बरी दिसायला लागली," दादा म्हणाला, "की माझ्याच्यानं तिला थांबवेना. मला वाटलं, जरा सावरू दे, मग ऑपरेशनचं बोलू. तू चल. तू डॉक्टर आहेस, तुझं ती ऐकेल."

दुसऱ्याच दिवशी मी गेले. वहिनी इस्त्रीचे कपडे घालून तयार होती. मला म्हणाली, "बरं झालं आलीस गं डॉक्टर. ती तुझी आठवण काढेलच बघ."

तिकीटखिडकीत एक तरुण मुलगी होती. नाक लाल, हातात रुमाल. वहिनीला पाहून ओळखीचं हसली.

"बावशी, आज गर्दी कबी आहे," ती म्हणाली. "बरोबर कोण?"

"ही माझ्या मुलीची आत्या. डॉक्टर आहे."

"आत्या आल्या का. छान." तिनं तिकिटं दिली. नाक चोंदलं की माणसाला 'म' म्हणता येत नाही, त्याचा 'ब' होतो. दिवसाकाठी असे दहा पेशंट बघते मी, त्यामुळे माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

दरबाराच्या एका टोकाला इवलीचं चित्र, त्याच्यासमोर लाल सतरंजीचा तुकडा. त्याच्यावर एका वेळी एकानंच उभं राहायचं. बाकीच्यांनी भिंतीशी, तोंड बंद ठेवून. दुसऱ्या टोकाला पुरुषभर उंचीचा जाड पडदा ओढलेला होता; तिकडे रिकामी खोकी ठेवलीत असं दरबारी सांगायचा. दोन टोकांच्या मध्ये इतकं अंतर, की तिकडच्या माणसाचा चेहरा इकडून नीट दिसू नये.

वहिनी सतरंजीवर गेली. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ती ऐकत राहिली, मान थोडी तिरकी करून. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला तिच्याकडे बघवेना.

मग मी उभी राहिले.

आधी काहीच नाही. मग कानाशी, अगदी श्वासाइतका जवळ, आवाज आला. "आत्या..."

खरं सांगते, मी चित्राकडे हात पुढे केला. आत्या म्हणणारं जगात मला एकच माणूस होतं. मी तिच्या कानात पहिल्यांदा यंत्र घालून बघितलं होतं तेव्हा ती खिदळली होती, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या क्षणी कुणी मला म्हटलं असतं, पेटीत बांगडी टाक, तर मी टाकली असती.

"आत्या, बी इथेच आहे. आईला सांभाळ."

बी.

मी डोळे पुसले. एक पाऊल बाजूला सरकले. आवाज कापल्यासारखा बंद. पुन्हा सतरंजीवर आले, तर शेवटचे शब्द ऐकू आले. पुन्हा सरकले, पुन्हा शांतता. गेलेल्या माणसाला माझ्याशी बोलायचं असेल, तर एका पावलानं त्याला काय फरक पडतो?

बाहेर बागेतल्या बाकावर आम्ही बसलो.

"वहिनी, इवलीला सर्दी झाली होती का गं?"

"आज आवाज जरा भरलेला होता खरा," ती म्हणाली. "तिकडे थंडी असेल."

"ती तुला आई कधी म्हणायची? ती तर दादासारखं 'अगं ए' म्हणायची."

"शहाणी झाली असेल आता." वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला माझा रोख कळला होता.

"ऑपरेशनचं तू तिला नेमकं काय विचारलंस?"

"विचारलं, करून घेऊ का गं? ती म्हणाली, घाई करू नकोस, मी आहे ना." वहिनीनं माझा हात धरला. "डॉक्टर, तू मला समजावायला आलीयस ते मला कळतंय. पण मी तिचा आवाज ऐकला. तूही ऐकलास. ऐकलास ना?"

"ऐकला," मी म्हणाले. नाही कसं म्हणणार?

तिला घरी सोडून मी परत महालात आले. जेवणाच्या सुट्टीत लोकांना बाहेर काढायचे, पण चित्रकारांना आत बसू द्यायचे. दरबाराच्या मध्यावर एक दाढीवाला निसर्गचित्रकार आपल्या चित्रांखाली स्टुलावर बसून डबा खात होता. त्याच्या धबधब्याच्या चौकटीला कुणीतरी छत्री अडकवून गेलं होतं.

"रोज अडकवतात," तो म्हणाला. "धबधब्याला छत्री. बरोबरच आहे म्हणा."

मी त्याला विचारलं, तुम्हाला कधी आवाज ऐकू आला का?

"मला? मीच तो आवाज होतो एकदा," तो घास गिळत म्हणाला. "अगदी सुरुवातीला मी तिकडे पडद्याच्या जागी खोक्यावर बसून जेवत होतो. स्वतःशीच पुटपुटलो, मीठ कमी आहे. तर त्या टोकाची बाई किंचाळून पळाली. मी दरबारीला हे हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिकडे पडदा लागला आणि मला तिकडे बसायची बंदी झाली."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. लोक म्हणाले, राणीसाहेब तुमच्याही तोंडून बोलल्या. आता मिठाबद्दल राणीसाहेब कशाला बोलतील? पण त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं."

आम्ही करून पाहिलं. तो पडद्यामागे गेला, मी सतरंजीवर. तो इतक्या हळू बोलला, की त्याच्यापासून हातभर अंतरावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. मला मात्र तो कानात बोलल्यासारखा ऐकू आला. मग मी दरबाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. काही नाही. भिंतीशी गेले. काही नाही. परत सतरंजीवर आले, आणि तो स्पष्ट म्हणत होता, "बाई, माझा डबा गार होतोय."

मी वर बघितलं. दरबाराचं छत आणि टोकाच्या भिंती अंड्याच्या आतल्या बाजूसारख्या गोलावलेल्या होत्या. अशा लांबट गोल खोलीत दोन जागा असतात. एका जागी बोललेला शब्द चहूकडे पसरतो, छतावर, भिंतींवर आपटतो, आणि प्रत्येक बाजूनं परतून दुसऱ्याच जागी गोळा होतो; उलटही तसंच. मधल्या लोकांना तो विरून गेलेला वाटतो. त्या दुसऱ्या जागी उभ्या असलेल्या माणसाला मात्र समोरच्या भिंतीतून कुणी बोलल्यासारखा ऐकू येतो. आणि त्या भिंतीवर इवलीचं चित्र होतं.

सिंहासन तिथेच का मांडलेलं होतं, तेही मग समजलं. दरबारी पर्यटकांना सांगायचा, महाराजांना प्रजेच्या मनातलं कळायचं. फिर्यादी दुसऱ्या टोकाला ताटकळत उभे असणार, आपसात कुजबुजत असणार, आणि महाराज इकडे बसून सगळं ऐकत असणार. ही लबाडी महालाइतकीच जुनी होती.

वहिनीला आलेली पहिली हाक कुणाची, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. दुसऱ्या टोकाला कुणाची तरी मुलगी आपल्या आईला हाक मारत असेल. एवढंच. कुणी फसवायला बसलेलं नव्हतं. फसवणूक नंतर सुरू झाली.

त्याच दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधी मी दादाला आणि वहिनीला घेऊन पुन्हा आले. लोक भिंतीशी ओळीनं उभे होते. तिकीटखिडकीवर 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लागलेली मी येता येता पाहिली. वहिनी सतरंजीवर गेली. तिचे ओठ हलले, मान तिरकी झाली. मी चित्रकाराकडे बघितलं. तो शांतपणे दरबाराच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला आणि त्यानं पडद्याची दोरी ओढली.

कड्या खळखळल्या. सगळ्यांनी वळून बघितलं. खोक्यावर तिकिटवाली मुलगी बसली होती, दोन्ही तळव्यांचा पेला करून तोंडाशी धरलेला, मांडीवर रुमाल.

दरबारी पुढे धावला. त्याला मानलं पाहिजे, तो क्षणभरही गडबडला नाही. "मंडळी, घाबरू नका. आत्म्याला तोंड नसतं, त्याला कुणाचं तरी तोंड घ्यावं लागतं. ही मुलगी केवळ माध्यम आहे."

"मग पडद्यामागे का?" दादानं विचारलं. "आणि आत्म्याला सर्दी कशी झाली?"

मागून कुणीतरी हसलं. पण एकच जण.

मी लोकांना सांगितलं, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. एक एक जण सतरंजीवर उभा राहिला, दुसऱ्या टोकाहून चित्रकार बोलला. मग लोकांनी आपसात जागा बदलून पाहिल्या. फोटो घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं स्वतः पडद्याच्या जागी जाऊन "हॅलो" म्हटलं आणि इकडच्या माणसानं हात वर केला. म्हातारा फोटो खिशात ठेवून निघून गेला.

बूटवाली बाई माझ्याजवळ आली. "पण तो माझ्या मुलाचाच आवाज होता. आई आपल्या मुलाचा आवाज चुकेल का?"

"कुजबुजताना गळ्यातले स्वरतंतू कंपतच नाहीत," मी म्हणाले. "नुसती हवा जाते. त्यामुळे बाई, पुरुष, मूल, सगळ्यांची कुजबुज जवळजवळ सारखीच ऐकू येते. आवाज ओळखायला जे लागतं, ते त्यात नसतं. ते आपण आपल्या मनातून घालतो."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि बूट छातीशी धरून उभी राहिली.

तोवर वहिनी दरबाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली होती. तिच्या मागे मी गेले. मुलगी खोक्यावरून उठत होती. वहिनी तिच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता मारते.

"मी तुला विचारलं होतं, करून घेऊ का," वहिनी म्हणाली. "तू म्हणालीस, घाई करू नकोस."

मुलीनं मान डोलावली.

"कशाबद्दल विचारत होते, ते माहीत होतं तुला?"

"नाही बावशी." तिचे डोळे भरून आले. "बला वाटलं, घराचं काही काब असेल. रंग वगैरे. सगळे असंच काहीतरी विचारतात. घाई करू नकोस असं बोललं, की लोकांना बरं वाटतं. बी कुणाला वाईट काही सांगितलं नाही. फक्त धीर दिला."

वहिनीनं आपला हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवला आणि तिला सांगितलं. मोठ्यानं नाही, पण दरबार तोवर इतका शांत झाला होता, की अर्ध्या लोकांनी ऐकलं असावं. मुलीनं रुमाल तोंडात कोंबला.

"एकदा म्हण," वहिनी म्हणाली. "इथे, माझ्यासमोर. आई म्हण."

मुलीला ते म्हणता आलं नाही.

दादानं वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. ती त्याच्याबरोबर चालायला लागली आणि दरबाराच्या मधोमध थांबली. तिथून तिनं आपल्या मुलीनं काढलेल्या चित्राकडे बघितलं, बराच वेळ. मग मला म्हणाली, "सर्जनला फोन कर."

पालिकेनं दरबारीला काढून टाकलं. पुढे ऐकलं, की तो दुसऱ्या गावी एका पडक्या विहिरीतून पूर्वजांशी बोलणं करून देतो, आता भगव्या अंगरख्यात. तिकिटवाली मुलगी आपणहून नोकरी सोडून गेली. चित्रकारानं दरबारात एक फलक लावला आहे, त्यावर छताचा आकार आणि त्या दोन जागा रेखाटून दाखवल्यात. शाळेच्या सहली येतात. पोरं एका टोकाला कुजबुजतात, दुसऱ्या टोकाला फिदीफिदी हसतात. काही माणसं मात्र अजूनही फोटो घेऊन येतात आणि सतरंजी होती त्या जागी उभी राहतात. त्यांना कुणी हुसकावत नाही.

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले तेव्हा ते माझ्याशी डॉक्टर डॉक्टरशी बोलतो तसं बोलले, म्हणजे फार थोडं. उन्हाळ्यात ती गाठ सुपारीएवढी होती आणि जागच्या जागी होती. आता ती काखेत गेली होती, आणि काही आठवड्यांनी कळलं की हाडांतही.

वहिनी त्यानंतर महिनेच्या महिने माझ्याशी नीट बोलली नाही. मी तिची मुलगी पुन्हा एकदा नेली होती. एकदा ती तसं म्हणालीही. म्हणाली, "तू बरोबर केलंस, ते मला कळतं. पण त्या दरबारात मी आठवड्यातून दोनदा सुखी होते. ते तुला माहीत असावं म्हणून सांगते." मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. दुसरं काय करणार?

हॉस्पिटलमध्ये तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिच्याहून बरीच तरुण. तिच्याही छातीत गाठ होती आणि तिला ऑपरेशन नको होतं. कुणा बाबानं तिला मंतरलेलं तेल दिलं होतं, पौर्णिमेपर्यंत लाव, म्हणून. डॉक्टरांनी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. ती सामान आवरून निघाली होती. वहिनीनं तिला आपल्या खाटेवर बसवून घेतलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी औषधं आणायला गेले होते. परत आले तेव्हा ती बाई रडत होती, वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तेलाची बाटली कचऱ्याच्या डब्यात होती.

पुढच्या वर्षी वहिनी गेली. दादानं दुकान बंद ठेवलं नाही. म्हणाला, घरी बसलो तर मीही कुठेतरी कान लावून बसेन. ती शेजारच्या खाटेवरची बाई भेटायला आली होती. तिचं ऑपरेशन वेळेवर झालं होतं. केस पुन्हा आले होते, कुरळे. बरोबर तिची लहान मुलगी होती, ती सगळा वेळ आईच्या बोटाला धरून उभी होती.

ज्यांचं माणूस गेलं आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. त्या सतरंजीवर मीही हात पुढे केला होता, आणि मी तर कानांचीच डॉक्टर. दुःखात माणसाला आवाज ऐकावासा वाटतो, ते अगदी माणसासारखं आहे. माझं म्हणणं इतकंच आहे: आवाज आला, तर एक पाऊल बाजूला सरका आणि पुन्हा ऐका. पडदा असेल तर तो ओढून बघा. कुणी सल्ला दिला, तर आधी त्याला विचारा, माझा प्रश्न काय होता ते सांग. हे केल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. त्याच्यावरचं आपलं प्रेम कमी होत नाही. आणि शरीराची तक्रार असेल, तर ती डॉक्टरकडे न्या, आजच न्या. गेलेली माणसं आपल्याला काही सांगू शकत नाहीत. जिवंत माणसांना मात्र आपण अजून लागतो.